गटाचा पैसा आणि सचिवाचा फोन

पत्र

ताई, नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातून लिहिते. आमचा 12 जणींचा बचत गट आहे, उमेद या सरकारी अभियानातला. मी सचिव. पूर्वी बैठकीत रोख पैसे गोळा व्हायचे. आता 9 जणी मला फोनपे करतात, तिघी रोख देतात. बचत आणि अंतर्गत कर्जाचे हप्ते मिळून महिन्याला सात-साडेसात हजार माझ्या खात्यावर येतात. मी ते काढून गटाच्या खात्यात भरते. गेल्या महिन्यात आमच्या मालकांच्या गाडीचा हप्ता माझ्याच खात्यातून आपोआप कापला गेला आणि गटाचे 2,850 रुपये त्यात गेले. चार दिवसांनी मी घरातून भरले. पण गटाच्या पासबुकात भरणा उशिरा आणि दोनदा दिसला, आणि गावभर झालं की सचिव गटाच्या पैशावर गाडी फिरवते.

बैठकीला आता चार-पाच जणीच येतात. बाकीच्या म्हणतात, पैसे तर पाठवले, येऊन काय करू? हिशेब सीआरपीताई (गटांना मदत करणाऱ्या उमेदच्या गावातल्या कार्यकर्त्या) ॲपमध्ये भरतात, त्यात काय भरलंय ते आम्हाला ठाऊक नसतं. वरून बँकेनं नव्या कर्जाला नाही म्हटलं. आमच्यातल्या एकीचं फायनान्सचं कर्ज थकलंय असं त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसतं म्हणे. तिला काढा, मग बघू, असं सांगतात. तिची सून म्हणते की मोबाईलवर पाच मिनिटांत लोन मिळतं, ते घेऊन जुनं फेडून टाकू. मी सचिवपद सोडू का? की पुन्हा सगळं रोखीवर आणू?

— एक सचिव

उत्तर

ताई, सचिवपद सोडू नका. निदान आत्ता तरी नाही. आत्ता सोडलंत तर गावात जे बोललं जातंय त्यावर तुम्हीच शिक्का मारल्यासारखं होईल. आणि सगळं रोखीवर आणायचीही गरज नाही. ज्या नऊ जणींना फोनवरून पैसे पाठवायची सवय लागली आहे त्या आता सुट्ट्या नोटा शोधत बसणार नाहीत, आणि का बसाव्यात?

आधी गाडीच्या हप्त्याचं बघू. तुमची नियत वाईट नव्हती हे तुमच्या पत्रावरून कळतं, पण ज्या बाईनं पासबुक बघून प्रश्न विचारला तिच्यावर चिडू नका. गटाच्या खात्यातून पैसे काढायला अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांच्यापैकी दोघींच्या सह्या का लागतात? एकटीच्या हातात पैसा राहू नये म्हणून. तुमच्याकडे काय झालं, की पैसा त्या दोन सह्यांच्या खात्यात पोचण्याआधीच दहा-बारा दिवस एका सहीच्या खात्यात मुक्काम करायला लागला. तिथे तुमचा पगार येवो, लाडकी बहीणचे 1,500 येवोत की गटाचे सात हजार, बँकेच्या मशीनला सगळे सारखेच. हप्त्याची तारीख आली की ते कापणार. उद्या तुमच्या जागी दुसरी कोणी सचिव असती तरी हेच झालं असतं.

उपाय सोपा आहे आणि तो बहुतेक गटांना कोणी सांगत नाही. दोन सह्यांच्या खात्याला बँक सहसा यूपीआय देत नाही, कारण यूपीआयचा पिन एकटीकडे असतो. त्यावरून बायकांचा समज होतो की गटाच्या खात्यावर फोननं काहीच चालत नाही. पण अडचण पैसे बाहेर काढण्याची आहे. आत येणाऱ्या पैशाला कोणाचीच सही लागत नाही. तुमच्या नऊ जणींनी आपापल्या ॲपमध्ये मोबाईल नंबरऐवजी बँक खात्यावर पाठवायचा पर्याय निवडायचा, गटाचा खाते क्रमांक आणि शाखेचा आयएफएससी कोड एकदा नीट भरून ठेवायचा, आणि दर महिन्याला थेट तिथेच पाठवायचे. पहिल्या खेपेला प्रत्येकीनं 1 रुपया पाठवावा आणि तो पासबुकात उमटल्यावरच पुढची रक्कम पाठवावी. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला तर पैसे परत मिळवायला फार चकरा माराव्या लागतात. संदेशाच्या जागी नाव आणि कशाचे पैसे ते लिहायला शिकवा: ‘बचत’, ‘हप्ता’. नाहीतर महिनाअखेर पासबुकात नऊ वेळा 200 दिसतील आणि कोणाचे कोणते हे शोधत बसाल. शाखेत हेही विचारा की गटाच्या खात्यावर नुसते पैसे घेण्यापुरता क्यूआर मिळेल का. काही बँका देतात.

रोख देणाऱ्या तिघींचे पैसे बैठकीतच घ्या, सगळ्यांसमोर मोजा, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँक सखीकडे, म्हणजे गावात बँकेची कामं करणाऱ्या बाईकडे, गटाच्या खात्यावर भरून पावती वहीला टाचा. अनेक ठिकाणी बँक सखीकडे दोन पदाधिकाऱ्यांच्या अंगठ्यांवर गटाच्या खात्यातून पैसे काढायचीही सोय झाली आहे. एकीच्या अंगठ्यानं व्यवहार पुढे सरकतच नाही. तुमच्या बँकेनं ती दिली असेल तर तालुक्याला जायचा एक दिवस आणि जीपभाडं वाचेल. फक्त दोन गोष्टी सगळ्या जणींना बजावा. सर्व्हर गेला, पुन्हा अंगठा लावा, असं कोणी म्हटलं तर आधी पहिला व्यवहार झाला की नाही ते मेसेजवर किंवा शिल्लक बघून तपासायचं. आणि बँकेच्या वतीनं काम करणाऱ्या प्रतिनिधीला ग्राहकाकडून स्वतःचं वेगळं शुल्क घ्यायची मुभा नाही. त्याचं कमिशन त्याला बँक देते. 1,500 काढताना कोणी वीस-पन्नास कापत असेल तर पावती मागा.

झालेल्या 2,850 रुपयांचं काय करायचं? पुढच्या बैठकीत तुमचं स्वतःचं बँक स्टेटमेंट घेऊन जा. कोणत्या तारखेला किती आले, किती कापले गेले, किती कधी भरले हे वाचून दाखवा आणि इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. त्याच इतिवृत्तात ठराव घाला की यापुढे गटाचा पैसा कोणाही सदस्याच्या वैयक्तिक खात्यावर घेतला जाणार नाही. तुम्ही स्वतःच हा ठराव मांडलात तर गावातल्या बोलण्याला उत्तर द्यायची वेगळी गरज उरणार नाही.

आता मला जास्त काळजी वाटते त्या गोष्टीकडे येते. बैठकीला चार-पाच जणी.

नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या बँकेनं 1992 साली बँकांशी बचत गट जोडायचा प्रयोग सुरू केला तेव्हा उद्दिष्ट अवघं 500 गटांचं होतं. ज्या बाईच्या नावावर ना जमीन ना घर, तिला बँकेनं विनातारण कर्ज द्यायचं ते कशाच्या भरवशावर? तर तिच्यासारख्या दहा-बारा जणी दर आठवड्याला किंवा महिन्याला एकत्र बसतात, पैसे सगळ्यांसमोर मोजतात, कोणाला किती द्यायचं ते तिथेच भांडून ठरवतात, आणि तिचा हप्ता चुकला तर बाकीच्यांना त्याच दिवशी कळतं, या भरवशावर. पंचसूत्री, म्हणजे गटाचे पाच नियम, तुम्हाला पाठ असेलच. त्यात पहिली येते ती नियमित बैठक, बचतीचा नंबर दुसरा.

फोनवरून पैसे पाठवले की बचतीचं सूत्र पाळलं जातं आणि बैठकीचं गळून पडतं. कोणी किती पाठवले हे फक्त पाठवणारीला आणि तुम्हाला माहीत. बाकी दहा जणींना काही दिसत नाही. जिथे दिसत नाही तिथे संशय वाढतो, आणि तुम्ही तो आत्ता भोगताय. म्हणून बैठकीचं कामच बदला. पैसे गोळा करायला बसायचं नसेल तर पैसे वाचून दाखवायला बसा. बैठकीच्या आदल्या दिवशी पासबुक छापून आणा आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचा: अमकीचे 200 आले, तमकीचा हप्ता आला नाही. वाचणारी दर वेळी वेगळी असू द्या. अंतर्गत कर्ज कोणाला द्यायचं हा निर्णय व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अंगठे दाखवून घेऊ नका, तो बैठकीतच घ्या. आपल्याला कर्ज लागेल तेव्हा हजर असावं लागतं हे कळलं की बायका येतात. निम्म्या जणींची तक्रार बैठकीच्या वेळेची असते हेही ध्यानात घ्या. सोयाबीन काढणीच्या दिवसांत दुपारी दोनची बैठक लावली तर पाचच जणी येणार.

ॲपचंही तसंच. नाबार्डनं 15 मार्च 2015 ला गटांचे हिशेब संगणकावर आणायचा ई-शक्ती प्रकल्प सुरू केला, तेव्हा सुरुवातीला देशातले दोनच जिल्हे घेतले होते: झारखंडमधला रामगढ आणि आपला धुळे. आता उमेदचे गट लोकोस या हिशेबाच्या ॲपवर आहेत. याचा फायदा खरा आहे, त्याला नाक मुरडू नका. पूर्वी कर्जाची फाईल घेऊन गेलं की बँकेचा माणूस पाच वह्या मागायचा, त्यातली एक पावसात भिजलेली, एक जुन्या सचिवाच्या माहेरी. गटाचं नियमित बचतीचं आणि परतफेडीचं रेकॉर्ड पडद्यावर असलं की बँकेला नाही म्हणायला कारण कमी उरतं.

पण पडद्यावर तेच असतं जे कोणीतरी भरलेलं असतं. सीआरपीताईंकडे दहा-पंधरा गट असतात, मानधन तुटपुंजं, गावात रेंज नाही. मग तीन-तीन महिन्यांच्या नोंदी एका बसणीत भरल्या जातात, वहीत बघून, कधी नुसतं विचारून. यात त्यांची लबाडी आहे असं मी म्हणत नाही. मात्र चुकीची नोंद वहीत असेल तर शेजारी बसलेली बाई बोट ठेवते, ॲपमध्ये असेल तर ती थेट वरपर्यंत जाते. तर सीआरपीताईंना सांगा की नोंद बैठकीतच भरायची, आणि भरली की वाचून दाखवायची. रेंज नसेल तर वहीतलं पान सगळ्यांच्या सह्यांनिशी द्या आणि पुढच्या बैठकीत ॲपमधला आकडा त्या पानाशी ताडून बघा. वही बंद करू नका. ॲप कितीही चांगलं झालं तरी माझं मत हेच राहील, कारण तुमच्यातल्या ज्या बाईला फोन हाताळता येत नाही तिलाही वहीतला आपला अंगठा ओळखता येतो.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. तुमच्या 12 जणींपैकी किती जणींच्या खात्याला स्वतःचा मोबाईल नंबर जोडलेला आहे? जनधनची खाती 2014 पासून निघाली तेव्हा घरात एकच फोन होता, तो नवऱ्याचा किंवा मुलाचा, आणि तोच नंबर फॉर्मवर गेला. आज त्या खात्यावरचा प्रत्येक मेसेज आणि प्रत्येक ओटीपी त्यांच्या फोनवर येतो. पैसे आले हे तिच्या आधी त्यांना कळतं. कर्जाचा ओटीपी तिच्या नावानं ते सांगून मोकळे होतात. कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाईनं भरायचा, थकलं तर नाव बाईचं, आणि संमती दिली ती तिच्या घरातल्या फोननं! गटाच्या एका बैठकीत सगळ्यांची पासबुकं आणि आधार आणायला सांगा, कोणता नंबर कुठे जोडलाय ते तपासा. बदलायचा असेल तर शाखेत फॉर्म भरून बदलता येतो, आणि आधारचा नंबर आधार केंद्रात. साधा बटणाचा फोन असला तरी चालतो, मेसेज त्यावरही येतो. घरात यावरून कुरकूर होईल. होऊ द्या.

आता तुमच्या त्या थकीत मैत्रिणीकडे. तिला गटातून काढू नका, आणि बँकेचं म्हणणं जसंच्या तसं मान्यही करू नका. उमेद ज्या केंद्राच्या दीनदयाळ अंत्योदय योजनेत येतं, तिच्यातल्या गटांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत: गट स्वतः थकबाकीदार नसेल, तर काही सदस्यांच्या किंवा त्यांच्या घरच्यांच्या थकबाकीमुळे गटाचं कर्ज सहसा अडवू नये. अट एवढीच की त्या बँकेच्या थकबाकीदार सदस्याला गटाच्या कर्जातून पैसे देऊ नयेत. तुमचा गट हप्ते वेळेवर भरत असेल तर शाखा व्यवस्थापकांकडे लेखी अर्ज द्या, त्यात ही तरतूद लिहा, तिच्या वाट्याला या कर्जातून रक्कम जाणार नाही असा ठराव जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. नकार असेल तर तोही लेखी मागा. तोंडी नकाराची दाद मागणं अवघड जातं. उमेदच्या तालुका कक्षाला आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांना प्रत द्या. 30 दिवसांत काही हललं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे.

त्याच वेळी तिचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तिच्या नावावरच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, काढा. देशात असा रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत, सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो आधी वाचा, मग ठरवा की ती खरंच थकीत आहे का. कधी फेडलेलं कर्ज बंद दाखवलेलं नसतं, कधी नावसाधर्म्यामुळे दुसरीचं कर्ज हिच्या माथी असतं, आणि कधी हिच्या कागदांवर दुसऱ्याच कोणी पैसे उचललेले असतात. चूक असेल तर लेखी तक्रार करा. 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे.

आणि कर्ज खरंच असेल तर? मग तिच्या घरात बसून सगळ्या हप्त्यांची बेरीज करा. ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत आहे त्याला दिलेलं विनातारण कर्ज म्हणजे सूक्ष्मवित्त कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमानुसार घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. महिन्याला 12,000 येत असतील तर 6,000 ही शेवटची रेघ. पूर्वी एकाच बाईला पाच-पाच फायनान्सवाले कर्ज देत होते आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसायचा. 2010 मध्ये आंध्र प्रदेशात हा प्रकार इतका विकोपाला गेला की सरकारला अध्यादेश काढावा लागला. त्यानंतर सूक्ष्मवित्ताची माहिती क्रेडिट कंपन्यांकडे नियमित जायला लागली. तुम्हाला आज ज्या कॉम्प्युटरचा राग येतोय तो त्यातूनच आला, आणि माझ्या मते तो येणं गरजेचं होतं. त्यानं अनेक बायकांना सहाव्या कर्जापासून वाचवलंय. दुखतं तेव्हा, जेव्हा पडद्यावरचं ‘थकीत’ बघून समोरचा माणूस पुढचा प्रश्नच विचारत नाही.

कंपनीकडे तिनं स्वतः जावं, बरोबर तुमच्यापैकी एकीला घेऊन. हप्ता लहान करून मुदत वाढवून द्या असा लेखी अर्ज करावा. वसुलीला माणसं दारात येऊन अपमान करत असतील, शेजारणींना बसवून ठेवत असतील, सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर फोन करत असतील, तर हे सगळं नियमात बसत नाही, आणि तारीख-वेळ लिहून ठेवली तर तक्रारीत उपयोगी पडतं.

सुनेच्या पाच मिनिटांच्या लोनला मात्र माझा साफ नकार. एका कर्जाचं भोक दुसऱ्या कर्जानं बुजवायचं हा विचारच आधी चुकीचा आहे, त्यात ॲप कोणाचं हेही माहीत नाही. अशा ॲपवाल्यांनी 5,000 चं कर्ज म्हणून 3,500 हातात ठेवायचे आणि आठवड्यात 5,000 मागायचे, हे अनेकांनी भोगलंय. सून हट्टाला पेटली असेल तर तिला एवढं करायला लावा: रिझर्व्ह बँकेच्या वेबसाईटवर कर्ज देणाऱ्या ॲपची यादी आहे, त्यात ते नाव शोध. यादीत असलं म्हणजे स्वस्त असा अर्थ नाही, पण नसेल तर तिथेच थांब. ॲपनं फोनमधले नंबर आणि फोटो बघायची परवानगी मागितली तर ते नियमाविरुद्धच आहे. आधी घेऊन बसली असेल आणि कोणी फोटो पसरवायची धमकी देत असेल तर लाज न बाळगता सायबर गुन्ह्यांच्या 1930 या नंबरवर फोन करा.

शेवटी तुमचं पद. पुढचे सहा महिने सचिव राहा, आणि त्या काळात दोघी जणी तयार करा. एकीला वही, दुसरीला ॲप. ती सून चालेल का बघा, गटाची सदस्य नसली तरी. जिला पाच मिनिटांत लोन शोधता येतं तिला लोकोसमधला आकडा वहीशी ताडून बघता येईल, आणि सासूचा क्रेडिट रिपोर्टही तीच काढून देईल. मग गटाच्या नियमाप्रमाणे पदाधिकारी बदला, बँकेत नव्या सह्या द्या.

बँकेकडून लेखी उत्तर आलं की त्याची प्रत मला पाठवा. त्यात त्यांनी कोणतं कारण दिलंय ते बघून पुढचा अर्ज कसा लिहायचा ते सांगते.